शोगर्ल हॉलिवुडला जाते तेव्हा: पगार, कपडे आणि फोनची वाट

तुमच्या नाटकासाठी तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: १९२४-२५ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या रंगमंचावरची एक शोगर्ल हॉलिवुडला जाते. तिथे तिचा दिवस कसा जायचा, हातात किती पैसे पडायचे, राहायची सोय काय, आणि ‘गर्दीतून हेरलं आणि थेट नायिका केलं’ यात तथ्य किती?

मी बरीच वर्षं मुंबईत सहायक दिग्दर्शकाचं काम केलं. म्हणजे गर्दी उभी करणं, पासिंग लावणं (नटांच्या मागून माणसं चालवणं), ज्युनियर आर्टिस्टची हजेरी आणि कपडे बघणं. आता चित्रपटाचा इतिहास शिकवतो. सवयच अशी लागली आहे की नायिका बोलत असली तरी माझी नजर तिच्या मागून कोण चाललंय तिकडे जाते. त्या बाजूने सांगतो.

तुमच्या आराखड्यातली एक गोष्ट आधी बदला. न्यूयॉर्कहून हॉलिवुडला जाणं ही तुम्ही तिची बढती धरली आहे. बहुतेकींच्या बाबतीत ती पायउतार होती.

ब्रॉडवेचा निर्माता झिगफेल्ड याच्या ‘फॉलीज’चंच घ्या. हा वार्षिक खेळ १९०७ ला सुरू झाला आणि १९१३ पासून बरीच वर्षं बेचाळिसाव्या रस्त्यावरच्या न्यू ॲम्स्टरडॅम थिएटरात चालला. तिथे शोगर्ल आणि कोरसमधली नाचणारी मुलगी या दोन वेगळ्या नोकऱ्या होत्या, हे नाटकात ठळकपणे आलं पाहिजे. नाचणाऱ्या मुली बुटक्या, चपळ; त्यांना ‘पोनी’ म्हणत. शोगर्ल उंच. ती नाचत नसे, गात नसे, ती चालायची. नेड वेबर्न हा नृत्यदिग्दर्शक मुलींची उंचीप्रमाणे वर्गवारी करायचा. त्याने बसवलेली ती चाल झिगफेल्डच्या नावानेच ओळखली जायची: हनुवटी वर, खांदे मागे, डोक्यावर पिसांचा डोलारा, अंगावर फॅशनकार लेडी डफ-गॉर्डनने बेतलेला पायघोळ झगा, आणि जिना उतरताना पायरीकडे बघायचं नाही. बघितलंत तर गेलात. ज्यांनी रॅम्पवर किंवा रंगमंचावर अंगावर ओझं घेऊन जिना उतरून पाहिला आहे त्यांना यातली मेख कळेल. ‘नुसतं उभं राहायचं काम’ म्हणून हिणवलं जातं, पण दीड हजाराच्या वर प्रेक्षकांसमोर नुसतं उभं राहता येणं हे कसबच आहे. चित्रकार बेन अली हॅगिनच्या स्थिरदृश्यांमध्ये तर अंगावर जवळजवळ काही नसताना पुतळ्यासारखं उभं राहावं लागे. हललं की तो गुन्हा, न हललं की ती कला, असा त्या काळच्या न्यूयॉर्कचा हिशोब.

शिवाय १९२४ च्या न्यूयॉर्कमधल्या कोरसमुलीच्या पाठीशी संघटना होती. त्याआधी तालमी आठवडेच्या आठवडे फुकट चालत, बूट-मोजे मुलींनी पदरचे आणायचे, आणि खेळ चौथ्या दिवशी पडला तर नशीब तुमचं. ऑगस्ट १९१९ मध्ये नटांनी महिनाभर संप केला. त्या संपातच कोरसची वेगळी संघटना उभी राहिली. तिची पहिली अध्यक्ष मारी ड्रेसलर, जी पुढे चित्रपटात खूप मोठी झाली. संपानंतर फुकट तालमीच्या आठवड्यांना मर्यादा आली, कपडे-बूट मालकाच्या गळ्यात पडले. हॉलिवुडमध्ये असलं काही मिळायला १९३७ उजाडावं लागलं. तुमची नायिका रेल्वेत बसते तेव्हा ती एका संरक्षित धंद्यातून मोकाट धंद्यात चालली आहे. हा संघर्ष तुम्हाला आयता मिळतोय, तो सोडू नका.

आता कॅमेरा. रंगमंचावर तिची उंची, चाल, झग्याचा घेर हे भांडवल. पडद्यावर चेहरा. उंच मुलगी तर अडचणीचीच, कारण नायक तिच्या खांद्याला लागतो. चेहऱ्याचंही गणित उलटं होतं. त्या काळची फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक, म्हणजे तिला लाल रंग दिसतच नसे. लाल ओठ पडद्यावर काळे येत. गालावर लाली लावली की गाल बसल्यासारखे, आजाऱ्यासारखे दिसत. फिकट निळे डोळे पांढरे पडत. रंगमंचाची रंगरंगोटी करून आलेल्या मुलीला पहिल्याच दिवशी तोंड धुऊन यायला सांगत असणार. मग पिवळसर-गुलाबी ग्रीजपेंट फासायचं. साध्या एक्स्ट्राला, म्हणजे गर्दीतल्या रोजंदारीच्या कलाकाराला, ते लावून द्यायला कोणी बसलेलं नव्हतं. डबा स्वतःचा, आरसा स्वतःचा. वरून कार्बनच्या आर्क दिव्यांचा मारा. त्याने डोळे सुजून लाल व्हायचे. दिव्यांच्या कंपनीवरून त्या दुखण्याला ‘क्लीग आय’ असं नावच पडलं होतं. १९२६-२७ नंतर पॅनक्रोमॅटिक फिल्म रुळली, बोलपट आल्यावर गुणगुणणारे आर्क दिवे मागे पडले, आणि मॅक्स फॅक्टरने नव्या फिल्मला साजेशी प्रसाधनं काढली. म्हणजे जेमतेम तीन-चार वर्षांत तोंड रंगवायची अख्खी पद्धत दोनदा शिकावी लागली.

एक खरं उदाहरण. लुसिल लसूर नावाची मुलगी १९२४ मध्ये ब्रॉडवेवर ‘इनोसंट आइज’ या खेळाच्या कोरसमध्ये नाचत होती. एमजीएम या स्टुडिओने तिला आठवड्याला ७५ डॉलरवर करारात घेतलं आणि जानेवारी १९२५ मध्ये ती कल्व्हर सिटीला, म्हणजे त्या स्टुडिओच्या गावी, पोचली. पहिलं काम काय? नॉर्मा शिअररची एका चित्रपटात दुहेरी भूमिका होती. दोन्ही नॉर्मा एका फ्रेममध्ये आल्या की त्यातल्या एकीच्या जागी पाठमोरं उभं राहायचं. पुढे स्टुडिओने तिच्यासाठी नवं नाव सुचवायची स्पर्धा एका सिनेमासाप्ताहिकातून घेतली. वाचकांतून आधी ‘जोन आर्डन’ निवडलं गेलं, पण त्या नावाची एक एक्स्ट्रा आधीच कामं करत होती म्हणून ते सोडावं लागलं, असं सांगितलं जातं. मग जोन क्रॉफर्ड ठरलं. जगाला क्रॉफर्ड माहीत आहे. मला त्या दुसऱ्या जोनबद्दल कुतूहल आहे. एका बड्या स्टुडिओला क्षणभर अडवून धरलं एवढीच तिची इतिहासातली नोंद. नाटक तिच्यावर लिहिलंत तर पहिला प्रेक्षक मी.

क्रॉफर्डसारख्या करारातल्या मुलींचंही सगळं गोड नव्हतं. करार बहुधा सात वर्षांचा म्हणत, पण दर सहा महिन्यांनी तो पुढे चालू ठेवायचा की नाही हे ठरवायचा हक्क फक्त स्टुडिओला. वर्षातले ४० आठवडे पगार, उरलेले बिनपगारी. शिवाय वर्तनाचं कलम, म्हणजे वागणूक खटकली की करार मोडायची मुभा. बाकीच्या शेकडो जणी रोजंदारीवर.

रोजंदारीची पद्धत नीट समजून घ्या, कारण साल इथे महत्त्वाचं आहे. १९२५ पर्यंत पहाटे स्टुडिओच्या फाटकाशी बाकड्यांवर बसायचं, नाहीतर खासगी एजंटच्या ऑफिसात खेटे घालायचे. तो मजुरीतून दलाली कापून घ्यायचा. तक्रारी इतक्या वाढल्या की निर्मात्यांच्या संघटनेने, म्हणजे विल हेजच्या ऑफिसने, डिसेंबर १९२५ मध्ये सेंट्रल कास्टिंग काढलं. १९२६ पासून कामं तिथून वाटली जाऊ लागली, आणि एक्स्ट्राकडून दलाली घेणं बंद झालं. ही खरीच सुधारणा होती. पण तिने जगण्याची रीत बदलली: आता बाकड्यावर नाही, फोनपाशी बसायचं. संध्याकाळी फोन लावायचा, नाव सांगायचं, पलीकडून ऑपरेटर म्हणणार, काम नाही, नंतर करा. पुन्हा लावायचा. नोंद झालेल्यांची संख्या हजारोंच्या घरात, रोजची गरज त्याच्या जवळपासही नाही. आमच्याकडे सप्लायरच्या फोनची वाट बघणारे ज्युनियर आर्टिस्ट मी जवळून पाहिले आहेत. त्यामुळे हे वाचताना मला कल्पनाशक्ती लढवावी लागत नाही.

दर साधारण असे: रस्त्यावरची गर्दी, खेडूत वगैरे असाल तर दिवसाला ३ ते ५ डॉलर, जरा बऱ्या कपड्यांत ७.५०, आणि स्वतःचा उंची संध्याकाळचा झगा असेल तर १० किंवा त्याहून थोडे जास्त. १९२६ मध्ये रशियाहून आलेली आयन रँड दिग्दर्शक डमिलच्या ‘किंग ऑफ किंग्ज’मध्ये ७.५० डॉलर रोजावर गर्दीत उभी होती. लेखिका म्हणून नाव व्हायला तिला अजून बराच अवकाश होता. एखादं वाक्य मिळालं, किंवा तुम्हाला वेगळं काढून काही कृती दिली, की तुम्ही ‘बिट’ झालात. मग दर एकदम वर. १९३७ च्या नटसंघटनेच्या करारात एक्स्ट्राला किमान साडेपाच आणि वाक्य असलेल्या दिवसाच्या नटाला २५ डॉलर, हा फरक कागदावर दिसतो. ‘गाडी तयार आहे, सर’ एवढ्या तीन-चार शब्दांची किंमत साडेएकोणीस डॉलर! त्यासाठी काय काय चालत असेल ते ओळखा.

कपड्यांचा मुद्दा बहुतेक लेखक विसरतात, आणि माझ्या मते सगळं तिथेच आहे. मुंबईत आम्ही ‘डीसेंट’ म्हणतो, म्हणजे पार्टीच्या सीनला चांगल्या घरातले दिसणारे, स्वतःचे सूट-साड्या घेऊन येणारे. त्यांचा दर वेगळा. हॉलिवुडमध्ये त्यांना ‘ड्रेस एक्स्ट्रा’ म्हणायचे. संध्याकाळचा झगा, दुपारच्या चहाचा पोशाख, घोडेस्वारीचे कपडे, फर, हातमोजे, पादत्राणं, सगळं स्वतःचं. फॅशन बदलली, घेर वर गेला की कपाट बाद. त्यात कुठला रंग फिल्मवर कसा येतो याचं ज्ञान हवं: लाल झगा काळा दिसणार, आणि शुभ्र पांढरा दिव्याखाली इतका चकाकणार की कॅमेरामन ओरडणार. पांढरे कपडे म्हणूनच फिकट रंगात बुडवून घ्यायचे. जिच्याकडे तीन चांगले झगे आहेत तिला काम, आणि जिला काम आहे तीच चौथा घेऊ शकणार. चेहऱ्यापेक्षा कपाट जास्त चालतं हे बेस फ्लॉवर्सने दाखवून दिलं. ही टेक्ससची उंच, डौलदार बाई १९२३ पासून १९६० च्या दशकापर्यंत शेकडो चित्रपटांत पार्ट्यांना हजर आहे. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालेल्या पाच चित्रपटांत ती दिसते. तिचे कपडे तिचे स्वतःचे, आणि फ्रेमच्या कडेला उभं राहूनही ती कधी कॅमेऱ्याकडे बघत नाही. एक्स्ट्रांची वेगळी संघटना उभी करण्यातही ती पुढे होती. ‘ऑल अबाउट ईव्ह’मधला समारंभ पुन्हा लावा आणि ईव्हचं अभिनंदन करणारी बाई बघा. तुमच्या नायिकेला नायिका न करता बेस फ्लॉवर्स करा, असं माझं मत. नाट्य कमी होणार नाही.

राहण्याचं लवकर उरकतो. भाड्याच्या खोल्या, दोघी-तिघी मिळून एक, आणि कामाला ट्रॅमने. बऱ्या सोयींमध्ये वायडब्ल्यूसीए या ख्रिस्ती महिला संघटनेचा हॉलिवुड स्टुडिओ क्लब होता. सुरुवात १९१६ ची, आधी एका जुन्या घरात, मग १९२६ पासून वास्तुविशारद ज्युलिया मॉर्गनने आखलेल्या लोडी प्लेसवरच्या इमारतीत. तालमीला जागा, जेवण, वर खोल्यांमध्ये पुरुषांना मज्जाव, आणि जास्तीत जास्त तीन वर्षं राहता येई. ती तीन वर्षांची मुदत नाटकातल्या एखाद्या प्रवेशाच्या शेवटी वापरण्याजोगी आहे.

बोलपट आल्यावर १९२९ मध्ये संगीतपटांचा पूर लोटला आणि ब्रॉडवेच्या नाचणाऱ्या मुली घाऊक भावात पश्चिमेला आणल्या गेल्या. दीड-दोन वर्षांत प्रेक्षक कंटाळले आणि त्या तशाच घाऊक भावात घरी बसल्या, तेही मंदीच्या तोंडावर. १९३३ मध्ये ‘फॉर्टी सेकंड स्ट्रीट’ने पुन्हा दिवस फिरवले. आता नृत्यदिग्दर्शक बझ्बी बर्कलीचं राज्य. त्याने कॅमेरा एकेका कोरसमुलीच्या चेहऱ्यावर नेला, आणि छताजवळ नेऊन त्याच मुलींची फुलंही केली. कामाचे तास विचारू नका. त्या दिवसांतला एक प्रसंग मात्र सविस्तर सांगतो. १० मार्च १९३३ च्या संध्याकाळी लाँग बीचचा भूकंप झाला तेव्हा वॉर्नरच्या सेटवर ‘गोल्ड डिगर्स’मधलं व्हायोलिनचं नृत्य चालू होतं. मुली उंच कमानीसारख्या फलाटांवर, हातात निऑनच्या नळ्या बसवलेली व्हायोलिनं, आणि त्या नळ्यांना वीज पुरवणाऱ्या तारा अंगावरून गेलेल्या. जमीन हादरली, वीज गेली, काही ठिकाणी शॉर्टसर्किट झालं. बर्कली स्वतः कॅमेऱ्याच्या क्रेनवरून पडता पडता राहिला. अंधारात तो ओरडत होता: आहात तिथेच खाली बसा. दरवाजे उघडून उजेड आत येईपर्यंत मुली त्या उंचीवर बसून राहिल्या. चित्रपटात ते नृत्य आजही पाहायला मिळतं आणि फारच सुंदर दिसतं. मी विद्यार्थ्यांना ते दाखवताना आधी तारांबद्दल सांगतो.

‘हेरलं जाण्या’बद्दल. होत असे, नाही असं नाही. बार्बरा स्टॅनविक, पॉलेट गॉडर्ड, लुईझ ब्रुक्स या पुढे पडद्यावर गाजलेल्या सगळ्या झिगफेल्डच्या खेळांतून गेलेल्या. पण त्यांच्यापैकी कोणी गर्दीतून एका नजरेत वर आली नाही. मधे नाटकं, छोटी कामं, ओळखी, लग्नं, भांडणं, सगळं आहे. ल्युसिल बॉल १९३३ मध्ये ‘रोमन स्कँडल्स’साठी गोल्डविन गर्ल, म्हणजे निर्माता गोल्डविनच्या संगीतपटांतली कोरसमुलगी, म्हणून आली. तिथे भुवया भादरल्या, त्या पुन्हा नीट आल्याच नाहीत. नंतर आरकेओ स्टुडिओत आठवड्याला ५० डॉलरवर ‘टॉप हॅट’मध्ये फुलांच्या दुकानातली मुलगी, असली वर्षानुवर्षं फुटकळ कामं. १९५७ मध्ये तिच्या आणि तिच्या नवऱ्याच्या कंपनीने आरकेओचा स्टुडिओच विकत घेतला. हेरण्याची गोष्ट स्टुडिओंच्या प्रसिद्धीखात्याला फार प्रिय होती, कारण त्या गोष्टीमुळेच रोज नव्या मुली रेल्वेतून उतरत आणि ५ डॉलरला मिळत.

आणि ही वाट सगळ्यांना खुलीही नव्हती. ‘फॉलीज’ची शोगर्ल गोरीच असायची. ॲना मे वाँग १९१९ मध्ये ‘रेड लँटर्न’मध्ये कंदील घेतलेल्या शेकडो चिनी चेहऱ्यांतली एक होती. पुढे तारका झाली तरी गोऱ्या नायकाबरोबरचा शेवट तिला मिळाला नाही. आपल्या मुंबईत १९११ मध्ये जन्मलेली मर्ल ओबेरॉन लंडनमध्ये एक्स्ट्राची कामं करून वर आली ती जन्मगाव टास्मानिया सांगूनच, आणि जवळजवळ हयातभर तेच सांगत राहिली. तुमच्या नाटकात मुंबईचा धागा हवाच असेल तर तो हा आहे. ओढूनताणून दुसरा आणू नका.

अंधाऱ्या बाजूबद्दल पेग एंटविसलचं नाव लगेच घेतलं जातं. टेकडीवरच्या ‘हॉलिवुडलँड’ पाटीच्या अक्षरावरून १९३२ मध्ये तिने उडी घेतली. ते वापरून वापरून गुळगुळीत झालंय, शिवाय ती रंगभूमीची कसलेली नटी होती. त्याऐवजी पॅट्रिशिया डग्लसचं प्रकरण समजून घ्या. मे १९३७ मध्ये सव्वाशेच्या आसपास नाचणाऱ्या मुलींना चित्रीकरण आहे असं सांगून बोलावलं, काउगर्लचे कपडे दिले, आणि नेलं ते एमजीएमच्या विक्रेत्यांच्या पार्टीला. कॅमेरा कुठेच नव्हता. वीस वर्षांच्या डग्लसने तिथे आपल्यावर बलात्कार झाल्याची तक्रार स्वतःच्या नावानिशी केली आणि दावेही लावले. ते टिकू दिले गेले नाहीत. साक्षीदार फिरले, प्रकरण दडपलं गेलं, आणि साठ-पासष्ट वर्षांनी एका संशोधकाने उकरून काढेपर्यंत कोणाला आठवतही नव्हतं. फोनवर ‘काम आहे’ हे दोन शब्द ऐकल्यावर मुलगी फारसे प्रश्न विचारत नाही, हे त्या व्यवस्थेला पक्कं ठाऊक होतं.

शेवट काय दाखवायचा, असं तुम्ही विचारलंय. बहुतेकजणी तिशीच्या आत बाहेर पडल्या: लग्न, दुकान, टायपिंग. डोरिस ईटनचं बघा. चौदाव्या वर्षी, १९१८ मध्ये ‘फॉलीज’मध्ये. बालकामगार कायद्यातून सुटायला आधी दुसऱ्या नावाने. मग मूकपट, १९२९ मध्ये हॉलिवुडच्या म्युझिक बॉक्स रेव्ह्यूत गाणी, आणि मंदीत काम बंद. ती आर्थर मरीच्या नृत्यवर्गात शिकवायला लागली आणि पुढे मिशिगनमध्ये त्याच नावाच्या डझनभराहून जास्त शाखा तिने चालवल्या. ८८ व्या वर्षी पदवी घेतली. एप्रिल २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या रंगमंचावर शेवटची आली, मे महिन्यात १०६ व्या वर्षी गेली. शोगर्ल म्हटलं की शेवट दारू नाहीतर नदी, असं गृहीत धरणाऱ्यांना मी ही जन्मपत्रिका दाखवतो.

आता संहितेतल्या दोन दुरुस्त्या. तिसऱ्या प्रवेशात ती सेंट्रल कास्टिंगला फोन लावते, तेव्हा साल १९२६ किंवा पुढचं करा; नाहीतर तिला स्टुडिओच्या बाकड्यावर बसवा. आणि चित्रपटगृहात ती श्रेयनामावलीत स्वतःचं नाव शोधते तो प्रसंग काढा. एक्स्ट्राचं नाव तिथे नसतं हे तिला कोणीही न सांगता माहीत होतं. ती पडद्यावर आपला झगा शोधेल.